फोर्क केल्यावर ओळ दोनदा छापली जात होती

कोथरूडच्या खोलीवर रात्री सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम चालवत होतो. आधी प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनने ‘सुरुवात’ ही ओळ छापायची, मग फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रॅमची (प्रोसेसची) दुसरी प्रत काढायची. टर्मिनलवर ओळ एकदाच दिसे. आउटपुट फाइलमध्ये वळवलं की दोनदा! दोन तास माझा संशय फोर्कवरच होता.

खरं कारण बफर, म्हणजे लिहायचा मजकूर आधी साठवायची मेमरीतली जागा. टर्मिनलवर ओळ संपली की तो रिकामा होतो. फाइलमध्ये लिहिताना मात्र मजकूर बफर भरेपर्यंत किंवा प्रोग्रॅम संपेपर्यंत आतच थांबतो. फोर्क प्रोसेसची प्रत काढतो, त्यात हा साठलेला मजकूरही आलाच. मग पॅरेंट (मूळ प्रोसेस) आणि चाइल्ड (तिची प्रत) दोघंही संपताना तो लिहून टाकतात.

फोर्कच्या आधी बफर रिकामा करणारं एफफ्लश लावलं आणि फाइलमध्ये एकच ओळ आली. चाइल्डमध्ये एक्झेक (त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्रॅम सुरू करणारा कॉल) फसला, तर ती संपवायला एक्झिटऐवजी अंडरस्कोर-एक्झिट वापरा. तो बफरला हात लावत नाही.