अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र हातात आलं, आता शाळेत काय करायचं?

‘मुलाकडे जरा लक्ष द्या.’ शाळेत भेटायला गेलेल्या आईवडिलांच्या तोंडून हे वाक्य हमखास निघतं. ते म्हणणं सोडून द्या. पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाई ‘हो, देते’ म्हणतात, मनापासून म्हणतात, पण सोमवारी पहिल्या तासाला नेमकं काय करायचं ते त्यांना या वाक्यातून कळत नाही. महिन्याभराने तुम्ही पुन्हा जाता, पुन्हा तेच बोलणं होतं आणि पोराचं प्रगतिपुस्तक होतं तसंच राहतं.

माझ्या मुलाला वाचन आणि लेखन अक्षमता, म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचणं-लिहिणं अडणं, असल्याचं तिसरीत कळलं. तेव्हापासून आधी त्याच्यासाठी आणि मग नात्यातल्या, ओळखीतल्या मुलांसाठी मी या फेऱ्या पुष्कळदा मारल्या आहेत. जो येतो तो प्रमाणपत्र कसं काढायचं तेवढंच विचारतो. प्रमाणपत्र निघतं. घोडं अडतं ते शाळेत देऊन आल्यावर, म्हणून मी त्या टप्प्यावरच जास्त लिहिणार आहे.

१. डोळे आणि कान तपासून घ्या

नीट दिसत किंवा ऐकू येत नसेल तरी वाचन अडतं. पुढचं सगळं यानंतर.

२. चाचणी आणि प्रमाणपत्र

मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक काढतात, विशेष शिक्षक वाचन, लेखन आणि गणित तपासतात. एका फेरीत हे होत नाही. खासगी अहवालाने तुम्हाला मूल समजून घ्यायला मदत होते, पण बोर्डाच्या सवलतींसाठी सरकारने ठरवून दिलेल्या रुग्णालयाचंच प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीव, केईएम, नायर आणि पुण्यात ससून. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जाताना शाळेचं पत्र, मागची प्रगतिपुस्तकं आणि रोजच्या वह्या न्या. वह्या आहेत तशा न्या. काही आया आदल्या रात्री मुलाकडून वही सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून घेतात आणि जे दाखवायला जायचं तेच पुसून टाकतात.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळायचं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं असायचं. २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या, तेव्हा आताची वयं रुग्णालयात विचारून घ्या. चौदावं वर्ष आठवी-नववीत येतं. रुग्णालयात नंबर लागायला वेळ जातो, तेव्हा दहावीच्या तोंडावर धावाधाव नको असेल तर आधीच तारीख घ्या.

‘मोठा झाला की येईल आपोआप’ म्हणणाऱ्यांचं ऐकून आम्ही एक वर्ष घालवलं. आणि स्मरणशक्ती वाढवणारं कुठलंही औषध यासाठी विकत घेऊ नका. वाचन अक्षमतेवर गोळी नाही. विशेष शिक्षकांबरोबर केलेला नियमित सराव आणि शाळेतल्या सवलती, एवढंच कामाला येतं.

३. प्रमाणपत्र वर्गापर्यंत पोचवा

माझी चूक इथे झाली. जूनमध्ये प्रमाणपत्राची प्रत शाळेच्या कार्यालयात दिली आणि सुटले म्हणून घरी आले. मुलगा पाचवीत होता. पहिल्या घटक चाचणीत अन्नाच्या पचनावर प्रश्न होता. आदल्या संध्याकाळी त्याने स्वतःच्या पोटावरून बोट फिरवत तोंडापासून मोठ्या आतड्यापर्यंतचा सगळा प्रवास क्रमाने सांगितला होता. उत्तरपत्रिका घरी आली तेव्हा तिच्यावर तीन ओळी होत्या. ‘लहान आतडे’च्या जागी ‘लहन अतडे’, त्याभोवती लाल गोल, खाली कोरा कागद. वेळ संपल्यावर सगळ्यांबरोबर त्याचाही पेपर काढून घेतला होता. विषयाच्या बाईंना भेटले, तर त्यांना प्रमाणपत्राचा पत्ताच नव्हता. ते फायलीत होतं, फाईल कपाटात होती. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि तरी माझं मूल तीन ओळींचं ठरलं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते आणि तिन्ही करायला लावते.

पहिली, मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज, दोन प्रतींत. एकीवर शाळेचा शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी ठेवा. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा. अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याची कलमं १६ आणि १७ लिहा. अधिनियमात धरलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. कलम १६ सरकारी आणि मान्यताप्राप्त अशा दोन्ही शाळांना लागू होतं आणि अशी मुलं लवकर ओळखून शिकवण्याची पद्धत बदलण्याबद्दल बोलतं. जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी कलम १७ मध्ये आहेत. हे कागदावर राहू द्या. तोंडाने पहिल्याच वाक्यात ‘कायदा आहे’ म्हणालात तर समोरचा माणूस आखडतो, मग पुढचा अर्धा तास शाळेच्या अडचणी ऐकण्यात जातो. बोलताना मुलाविषयी बोला.

दुसरी, प्रत्येक विषयशिक्षकासाठी एकच पान. सगळ्यात जास्त मेहनत याच्यावर घ्या. वर दोन ओळींत मुलाला काय येतं ते लिहा: ‘तोंडी उत्तर पूर्ण देतो. ऐकलेलं पक्कं लक्षात राहतं.’ खाली जास्तीत जास्त चार मागण्या. दहा लिहिल्यात तर एकही पाळली जाणार नाही, हे मी पाहिलेलं आहे. मागणी अशी हवी की ती झाली की नाही हे मुलाला एका शब्दात सांगता यावं. आमच्या पानावर होतं ते असं: अचानक उठवून मोठ्याने वाचायला लावू नये, वाचायचा उतारा आदल्या दिवशी सांगावा. फळ्यावरचं उतरवायचं राहिलं तर शेजारच्या मुलाची वही मधल्या सुट्टीत मिळावी. भाषा सोडून इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. आणि चाचणीत तासाला २० मिनिटं जादा, बोर्डात मिळतात तेवढीच.

शेवटच्या मागणीचा हिशोब तुम्हीच करून द्या. ४५ मिनिटांच्या चाचणीला १५ मिनिटं, दोन तासांच्या पेपरला ४०. आणि लगेच विचारा: ही १५ मिनिटं तो बसणार कुठे, त्याच्याजवळ थांबणार कोण? जादा वेळ कागदावर मंजूर होतो आणि प्रत्यक्षात मिळत नाही, कारण पुढचा तास सुरू झालेला असतो, दुसरे सर दारात उभे असतात आणि गलक्यात एकटंच मूल लिहीत राहतं. अशा वेळी मूल स्वतःच पेपर देऊन मोकळं होतं. आम्ही ठरवलं की तो प्रार्थनेच्या आधी येऊन ग्रंथालयात पेपर सुरू करेल. ग्रंथपाल बाई तशाही लवकर यायच्या.

तिसरी, अर्ध्या तासाची भेट, वर्गशिक्षक आणि सगळे विषयशिक्षक एकत्र. शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत, पहिल्या चाचणीच्या आधी. मुलाला या भेटीला नेऊ नका. त्याच्यासमोर त्याच्या चुकांची यादी वाचली जाते आणि ती त्याच्या मनातून वर्षानुवर्षं जात नाही. ‘बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का होणार?’ असं कोणीतरी विचारणारच. मी सांगते, प्रश्न तेच आहेत, तपासणाऱ्या बाई त्याच आहेत, मी फक्त अक्षरं जुळवायला लागणारा वेळ मागते आहे. भेटीत ठरलेलं त्याच दिवशी चार ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. मग प्रत्येक चाचणीच्या दोन दिवस आधी डायरीत एक ओळ: ‘परवा जादा वेळ, ग्रंथालय.’ वाटेल पिच्छा पुरवतोय. पुरवा.

एका शाळेत माझ्याबरोबरच्या पालकांना ‘दुसरी शाळा बघा’ असं सांगितलं गेलं. तसं झालं तर शांतपणे ‘हे लेखी द्या’ म्हणा. लेखी येत नाही. तरीही अडवलं, तर पोच असलेली प्रत घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, त्यापुढे पुण्यात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे.

४. लेखनिक

बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. कुठे थांबायचं, कुठला शब्द पुन्हा सांगायचा, राहिलेलं कसं वाचून घ्यायचं, हे आठवीपासून घरी घोटून घ्या. सराव नसेल तर मी लेखनिक घेऊच नका म्हणेन. पुष्कळ मुलांना नुसता जादा वेळ पुरतो.

५. दहावीचा प्रस्ताव

सवलतींचा हा प्रस्ताव शाळेमार्फत राज्य बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे जातो. दहावीचं वर्ष सुरू होताच मागे लागा आणि मंजुरीचं पत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सीबीएसई आणि आयसीएसईचे नियम वेगळे, ते शाळेतून घ्या.

६. मुलाचं मन

त्याला त्याच्या अडचणीचं नाव सांगा. नाव कळलं नाही तर ते स्वतःच एक नाव शोधतं: ढ. आमच्याकडे सोमवारी सकाळी पोटात दुखायचं, रविवारी कधीच नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ‘तुझं डोकं छान चालतं, अक्षरं ओळखायला त्याला वेळ लागतो, आणि याला वाचन अक्षमता म्हणतात’ एवढं सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘म्हणजे अजून कोणाला असते?’

शिकवणीसाठी खेळाची वेळ कापू नका. दिवसभर जमत नाही तेच करून आलेल्या मुलाला संध्याकाळी जमणारं काहीतरी हवंच, मग ते क्रिकेट असो, तबला असो की सायकल खोलून पुन्हा जोडणं. ते अभ्यासाचं बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नका.

मूल गप्प गप्प राहायला लागलं, जेवण-झोप उडाली, तर शाळेतल्या समुपदेशकांना भेटा. ‘मला जगायचं नाही’ असं म्हणालं, चिडून का होईना, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

७. दर जूनला नवं पान

इयत्ता बदलली की विषयशिक्षक बदलतात आणि मागच्या वर्षीचं पान कोणी पुढे देत नाही. नवं काढा, आणि काढताना मुलाला शेजारी बसवून विचारा, यातलं काय अजून लागतं. सातवीत आमच्या पानावरून फळ्याची ओळ त्यानेच खोडली. वही तो आता स्वतःच मागून घेत होता.