रुबिडियम उघडण्याआधी लॉगमधल्या ओळी मोजा

रात्रभर दोन घड्याळांची तुलना लावून झोपायचं, सकाळी ॲलन डेव्हिएशनची (वेगवेगळ्या काळाच्या सरासरीवर घड्याळ किती अस्थिर आहे ते दाखवणारी) रेघ काढायची आणि ती अपेक्षेपेक्षा वर दिसली की रुबिडियम स्टँडर्ड बिघडलं म्हणायचं, ही सवय आधी सोडा. पंधरा वर्षं मी रुबिडियम (अणुघड्याळ) आणि ओव्हन क्रिस्टल (कायम एका तापमानाला ठेवलेलं क्वार्ट्झ घड्याळ) एकमेकांशी ताडून पाहतोय. बहुतेक वेळा घड्याळ निर्दोष निघतं आणि दोष मोजणाऱ्या साखळीत सापडतो.

जुळणी तुम्हाला येते हे धरून चालतो: रुबिडियमचा सेकंदाला एक पल्स काउंटरच्या (दोन पल्समधला वेळ मोजणाऱ्या यंत्राच्या) स्टार्टला, क्रिस्टलच्या १० मेगाहर्ट्झवरून भागून काढलेला पल्स स्टॉपला, दर सेकंदाला एक रीडिंग, आणि लॅपटॉपवर लॉग. सगळी यंत्रं पुरेशी तापू दिलेली असावीत.

१. आधी फेज बघा, ॲलनची रेघ नंतर

डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये मांडलेली ही पद्धत फार उपयोगाची आहे, पण ती हजारो रीडिंगांचा एक आकडा करते. गचका त्या आकड्यात विरघळून जातो. म्हणून कच्च्या रीडिंगांचा, म्हणजे फेजचा (दोन पल्समधल्या अंतराचा) आलेख काढा, सरळ उतार वजा करा आणि गचक्याचा आकार ओळखा. आकार तीनच असतात. एकच ठिपका उडून पुढच्या सेकंदाला जागेवर येतो, त्याला मी काटा म्हणतो. रेघ वर किंवा खाली सरकते आणि तिथेच राहते, ती उडी. रेघेचा उतारच बदलतो, ते वळण.

हे तिन्ही ॲलनच्या रेघेत वेष बदलून येतात, आणि खरी फसगत तिथेच होते. काट्यांमुळे रेघ काउंटरच्या आवाजासारखी दिसते, म्हणजे सरासरीचा काळ दहापट केला की किंमत दहापट खाली. उड्यांमुळे ती वर्गमुळाच्या हिशेबाने उतरते, म्हणजे काळ शंभरपट झाला की किंमत दहापट खाली. निरोगी रुबिडियमचा स्वाभाविक उतार नेमका हाच असतो. त्यामुळे उड्या असलेली रेघ बघून कोणीही सांगेल, ‘चाल रुबिडियमचीच आहे, फक्त थकलंय.’ मीही तेच म्हणालो होतो.

२. ट्रिगर

ट्रिगर म्हणजे पल्स किती व्होल्टेजला पोचला की तो आला असं काउंटरने धरायचं, ती पातळी. ऑटो ट्रिगर बंद. सेकंदाला एकदाच येणाऱ्या पल्सवर त्याला पातळी धरता येत नाही. काउंटरच्या इनपुटला ५० ओहम लावा, ते लावल्यावर पल्सची उंची मोजा आणि तिच्या निम्म्यावर पातळी ठेवा. ५० ओहम न लावता दहा मीटर केबल जोडली, तर पल्स टोकाला आपटून परत फिरतो आणि शंभरेक नॅनोसेकंदांनी पुन्हा इनपुटवर येतो. काट्यांचं निम्मं पीक एवढ्यानेच जातं.

३. नेमकी १०० नॅनोसेकंदांची उडी

१० मेगाहर्ट्झचं एक आवर्तन १०० नॅनोसेकंदांचं. उडी बरोबर १०० किंवा २०० असेल तर पल्स काढणारा डिव्हायडर एखादं आवर्तन चुकतोय किंवा जादा मोजतोय. साइन वेव्हचा चौकोनी पल्स करणारा भाग तपासा. तिथे सिग्नल अशक्त असतो किंवा त्यावर कचरा बसलेला असतो. रीडिंग कधी शून्याजवळ तर कधी जवळजवळ एक सेकंद येत असेल, तर दोन्ही पल्स एकमेकांना भिडले आहेत. डिव्हायडर रीसेट करून स्टॉपचा पल्स स्टार्टनंतर एखादी मिलिसेकंद ठेवा.

४. हरवलेलं रीडिंग

इथे माझा पूर्ण महिना गेला, म्हणून सविस्तर सांगतो.

चांगल्या रुबिडियमकडून १०० सेकंदांच्या सरासरीवर लाख कोटीत एक-दोन भागांची अस्थिरता अपेक्षित असते. मला पाच दिसत होते. उतार मात्र अगदी रुबिडियमचा. क्रिस्टलवर संशय घेतला नाही, कारण त्याची रेघ या भागात सपाट असायला हवी होती. रुबिडियमच्या आतल्या दिव्याचा व्होल्टेज पाहिला, पॉवर सप्लाय बदलला, यंत्रावर थर्मोकोलचं खोकं घातलं, शेवटी झाकणही उघडलं. रेघ हलली नाही.

काउंटरवर विश्वास ठेवायचं कारण होतं. मी एकच पल्स दोन्ही चॅनलला देऊन रात्रभर चाचणी केली होती आणि निकाल स्वच्छ आला होता. ही चाचणी सगळे सुचवतात. तिच्यात एक मोठं भोक आहे आणि ते कोणी सांगत नाही, म्हणून मी आवर्जून सांगतो. एकाच पल्सची स्वतःशी तुलना केली की रीडिंग रात्रभर एकाच आकड्यावर बसून असतं. मधलं एखादं रीडिंग गळालं तरी पुढचं आधीच्यासारखंच दिसतं आणि काही कळत नाही.

खऱ्या मोजमापात तसं नसतं. माझा क्रिस्टल रुबिडियमच्या तुलनेत दर सेकंदाला ३ नॅनोसेकंद सरकत होता, म्हणून लॉगमध्ये प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ३ ने मोठी. एक रीडिंग गळालं की पुढची ओळ ६ ने मोठी येते. सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं. ते ओळी मोजतं आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक सेकंद धरतं. परिणामी त्याच्या हिशेबात फेजने ३ नॅनोसेकंदांची उडी मारलेली असते.

मग मला ती आलेखात का दिसली नाही? क्रिस्टलच्या वयोमानाने फेजची रेघ रात्रभरात शंभरेक नॅनोसेकंद वाकत होती. तेवढ्या उंचीच्या आलेखात ३ ची उडी डोळ्याला लागत नाही.

शेवटी एका सकाळी लॉग उघडला आणि खाली जाऊन ओळींचा आकडा पाहिला. आठ तासांच्या २८,८०० हव्या होत्या, होत्या २८,७९१. नऊ ओळी कमी. कागदावर हिशेब केला: ३ नॅनोसेकंदांच्या नऊ उड्या २८,८०० ओळींत पसरल्या तर १०० सेकंदांवर लाख कोटीत साधारण पाच भाग येतात. मला दिसत होते तेवढेच. रुबिडियमचं झाकण मी त्याच दिवशी परत लावलं.

गुन्हेगार होता यूएसबी हब. काउंटर रीडिंग पाठवून मोकळा होतो, ते कोणी घेतलं की नाही याची तो वाट बघत नाही. हब काढला, सिरियल अडॅप्टर थेट लॅपटॉपला लावला, त्या पोर्टची वीजबचत बंद केली. पुढच्या रात्री २८,८०० ओळी पूर्ण भरल्या.

तुम्ही हे असं करा. लागोपाठच्या दोन रीडिंगांमधल्या फरकांचा आलेख काढा. हरवलेलं रीडिंग तिथे बाकीच्यांच्या बरोबर दुप्पट उंचीवर उभं दिसेल, दोन गळाली असतील तर तिप्पट. उड्या नेहमी एकाच दिशेला असतील, उतार जिकडे जातो तिकडे. खात्री हवी असेल तर क्रिस्टलची वारंवारिता मुद्दाम थोडी हलवा. उतार सेकंदाला ३ वरून ८ नॅनोसेकंद केला आणि उड्याही ८ च्या झाल्या, तर त्या घड्याळात नाहीत, लॉगमध्ये आहेत. खऱ्या घड्याळाच्या उडीला तुमच्या उताराशी काही देणंघेणं नसतं.

उतार अगदी शून्यावर आणून मोजा, म्हणजे हा त्रास दिसणार नाही, असाही सल्ला मिळेल. तो घेऊ नका. दोष तसाच राहतो, फक्त झाकला जातो. उलट सुरुवातीचे काही दिवस उतार मुद्दाम ठेवा, म्हणजे गळती उघडी पडेल. आणि लॉगच्या प्रत्येक ओळीत लॅपटॉपची वेळ लिहून घ्याच. त्या एका रकान्याने माझा महिना वाचला असता.

५. खोली आणि वीज

ठरावीक वेळाने येणारी वळणं म्हणजे बहुधा तापमान. एसी २० मिनिटांच्या चक्राने चालू-बंद होत असेल तर ॲलनच्या रेघेत सात-आठ मिनिटांपाशी फुगवटा येतो. एका रात्री एसी बंद ठेवून पाहा. लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला त्या क्षणी काटा आला, तर घड्याळ आणि काउंटर एकाच फळीवरून चालवा आणि वेळ वहीत लिहून ठेवा.

६. जीपीएस रिसीव्हर

ताडायला साधा जीपीएस रिसीव्हर घेतला, तर त्याचा पल्स काही नॅनोसेकंदांनी करवतीच्या दात्यांसारखा मागेपुढे होतो. रिसीव्हर पल्स स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावरच सोडू शकतो, म्हणून तसं होतं. हा बिघाड नाही. मोठ्या काळाच्या सरासरीसाठी तो वापरा, एका सेकंदाच्या स्थिरतेसाठी नको.

७. एवढं करूनही उडी उरली तर

रुबिडियम खरंच बिघडतात. भारताच्या ‘नाविक’ या उपग्रह दिशादर्शन प्रणालीच्या आयआरएनएसएस-१ए उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती. त्यामुळे संशय घेण्यात गैर काही नाही, तो शेवटी घ्यावा. स्टार्ट आणि स्टॉपच्या केबल्स अदलाबदल करा. उडीची दिशा उलटली तर ती दोनपैकी एका घड्याळातून किंवा त्याच्या डिव्हायडरमधून येतेय, तशीच राहिली तर काउंटरमधून. घड्याळांपैकी कोणतं हे ठरवायला तिसरं घड्याळ लागतं. ओळखीच्या कोणाकडून आठवडाभर मागून आणा आणि दोघांशी वेगवेगळं ताडा. उडी ज्या दोन जोड्यांत दिसेल, त्या दोन्हींत असलेलं घड्याळ दोषी.

खराब झालेला लॉग फेकू नका, पण ‘आउटलायर काढा’ हे बटणही दाबू नका. ते बटण हरवलेल्या ओळीलाही पुसतं आणि घड्याळाच्या खऱ्या झटक्यालाही. ओळींपुढे वेळ लिहिलेली असेल तर हरवलेल्या सेकंदाची जागा रिकामी सोडा, मागच्या-पुढच्या रीडिंगांची सरासरी भरू नका. वेळ लिहिलेली नसेल तर फरकांच्या आलेखात दुप्पट उंचीचे ठिपके शोधून तिथे रिकामी ओळ घाला. एकूण ओळी मोजमापाच्या सेकंदांएवढ्या भरल्या, की मगच ॲलनची रेघ काढा.