पावसात गरोदर बाईला ताप आला तर काय करायचं

आमच्याकडे सिंधुदुर्गात जून लागला की लावणी, ओलं घर, तुडुंब विहिरी आणि घरोघरी ताप. पण घरात कोणी गरोदर असेल तर तिचा ताप बाकीच्यांसारखा धरू नका प्लीज. "पावसात ताप येतोच, पेज खा नि पड" म्हणणारी माणसं मायेचीच असतात, पण अशी वाट बघण्यात दोन-तीन दिवस गेले तर आई आणि बाळ दोघांनाही भारी पडू शकतं.

घरात थर्मामीटर ठेवा. १००.४ किंवा त्याच्या वर गेला की त्याच दिवशी पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) गाठा. तोवर पॅरासिटामॉल चालते, पण अंगदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून आणून देऊ नका, डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो आणि गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत बाळाच्या किडनीला, हृदयाला पण त्रास होऊ शकतो. डॉक्टरनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा की कितवा महिना आहे, शेतात चिखलात उतरली होती का, पायाला चीर-जखम आहे का, गोठा कोण साफ करतं, पाणी कुठल्या विहिरीचं. यावरूनच मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), स्क्रब टायफस (झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) यातलं काय तपासायचं ते ठरतं.

लेप्टोचं जरा जास्त सांगते कारण तो आपल्याकडचाच आजार झालाय. उंदराच्या, गुरांच्या मुतातून जंतू चिखलात येतात आणि पायाच्या भेगेतून अंगात शिरतात. डोळे लाल, पोटऱ्या प्रचंड दुखतात, मग लिव्हर-किडनीवर जातं, गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटात दगावू शकतं. लावणीच्या दिवसांत गावात लेप्टो टाळायला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात त्या घरातल्यांनी घेतल्या म्हणून तिने पण घ्यायच्या असं करू नका, आशाताईला आधी सांगा की दिवस गेलेत. गरोदरपणात चालणारी दुसरी अँटिबायोटिक्स आहेत, ती डॉक्टर देतात. आणि खरं सांगू, त्या वर्षी तिला शेतात उतरवूच नका, गडी मिळत नसेल तरी.

मलेरियाचे जंतू वारेत (प्लासेंटात) जाऊन बसतात, आईचं रक्त कमी होतं आणि बाळ कमी वजनाचं होतं. मच्छरदाणी रोज, दुपारी झोपली तरी, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. परसातल्या करवंट्या पालथ्या घाला.

आता कावीळ. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई एरवी बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांत लिव्हर एकदम फेल होऊन बाई दगावू शकते, अशावेळी वाचणं फार कठीण. डोळे पिवळे दिसले की झाडपाला नको, कावीळ उतरवणं नको, सरळ मोठं हॉस्पिटल. पाणी खळखळ उकळूनच प्यायला द्या, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली असली तरी. तिसऱ्या, कालवं असे शिंपले पूर्ण शिजवून.

लघवीचं इन्फेक्शन तर बायका लाजून सांगतच नाहीत, बाहेर जायचं म्हणून पाणी कमी पितात. कधी जळजळ पण होत नाही आणि आत इन्फेक्शन असतंच, ते किडनीपर्यंत चढलं तर कळा लवकर सुरू होऊ शकतात. म्हणून लघवीची तपासणी चुकवू नका.

एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस म्हणजे गरमीची तपासणी), हिपॅटायटिस बी या रक्ततपासण्या पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्या, यातलं काही निघालं तरी बाळाला वाचवायला उपचार आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. रुबेलाची लस मात्र दिवस जायच्या आधीच, निदान एक महिना आधी, गरोदरपणात देत नाहीत.

तापासोबत दम लागला, लघवी कमी झाली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली तर सकाळ व्हायची वाट बघू नका, रात्रीच १०८ ला फोन करा आणि फाईल सोबत घ्या.