घर बसलं, दार अडकलं

कोलोरॅडोच्या डोंगरात मी, बायको आणि सासऱ्यांनी ओंडके रचून दोन खोल्यांचं घर बांधलं. दुसऱ्या हिवाळ्यात दार उघडेना. बर्फाचा भार असेल म्हणून छत साफ केलं. पाठ धरली, दार ढिम्म!

दोष लाकडाचा. ओले ओंडके सुकताना जाडीत आकसतात. भिंत फुटामागे जवळपास पाऊण इंच खाली बसते. आमचा वरचा ओंडका थेट चौकटीवर टेकला होता. चौकट काढली, चेनसॉनं ओंडका खालून चार इंच कापला, फटीत लोकर कोंबली. वरून झाकायची फळी ठोकली ती फक्त ओंडक्याला. चौकटीला एकही खिळा नाही. बाजूंनाही ओंडक्यांत उभी खाच पाडून चौकट सरकती ठेवली.

ओसरीच्या खांबांखाली स्क्रू-जॅक, म्हणजे पेच फिरवून उंची कमी-जास्त करायचे टेकू, मात्र आधीच होते. ती अक्कल सासऱ्यांची. भिंत बसेल तसे अधूनमधून पाना घेऊन जॅक थोडे उतरवतो.