टॉरचा नोड चालवताय? या चुका टाळा

टॉर म्हणजे लोकांचा माग लपवण्यासाठी त्यांचं ट्रॅफिक स्वयंसेवकांच्या संगणकांतून, म्हणजे नोडमधून, फिरवणारं जाळं. एक व्हिडिओ बघायचा, सेटिंग कॉपी करून चिकटवायचं आणि रात्रीतून घरच्या ब्रॉडबँडवर टॉरचा एक्झिट नोड, म्हणजे ट्रॅफिक बाहेरच्या साइटकडे सोडणारा शेवटचा नोड, सुरू. मधला रिले, म्हणजे ट्रॅफिक फक्त पुढच्या नोडकडे ढकलणारा नोड, चालवायला सांगितलं की पोरांचं तोंड वाकडं होतं, त्यात म्हणे मजा नाही.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. एक्झिटमधून जे बाहेर पडतं ते समोरच्या साइटला तुमच्याच आयपीवरून, म्हणजे तुमच्या कनेक्शनच्या इंटरनेट पत्त्यावरून, आलेलं दिसतं. कुणी परदेशातून धमकीचा मेल टाकला तरी पत्ता निघतो तुमचा. मालवणजवळच्या एका होमस्टेत हेच झालं. कनेक्शन आईच्या नावावर, उद्योग लेकाचा. ऐन मे महिन्यात, ओटीवर पाहुणे सोलकढी पीत बसलेले, आणि दारात पोलीस. "काकी, इंटरनेट तुमच्या नावावर ना?" काकींना वाटलं, बिल थकलं. लेक एन्क्रिप्शन समजावत राहिला, इकडे पंचनाम्यात राऊटर, लॅपटॉप आणि बुकिंगचा मोबाइलसुद्धा गेला. पुढे त्याच्यावर काही शाबीत झालं नाही, पण सीझन गेला तो गेलाच. मॉस्कोत एक्झिट चालवणारे गणिताचे शिक्षक दिमित्री बोगातोव तर २०१७ मध्ये अटकेत गेले. आरोप मागे घ्यायला २०१८ उजाडलं.

"पण दुसऱ्यांचं ट्रॅफिक नुसतं पुढे पोचवणाऱ्याला संरक्षण देणारं आयटी कायद्याचं कलम ७९ आहे ना?" आहे, अटींसकट. आणि ते कोर्टात मांडायचं असतं, दारातल्या फौजदारापुढे नाही.

मी घरी मधलाच रिले ठेवतो, कॉन्फिगमध्ये एक्झिट बंद. एक्झिट हवाच असेल तर भाड्याच्या सर्व्हरवर, तेही कंपनीने लेखी हो म्हटल्यावर. त्या आयपीच्या रिव्हर्स डीएनएसमध्ये, म्हणजे आयपीवरून शोधल्यावर दिसणाऱ्या नावात, 'टॉर एक्झिट' दिसू दे आणि ८० पोर्टवर, म्हणजे तो आयपी ब्राउझरमध्ये उघडल्यावर दिसेल असं, खुलाशाचं पान लावा. ज्याला एवढाही धीर नाही त्याने या फंदात पडू नये.

बाकीच्या चुका पटापट:

लोक काय बघतात म्हणून ट्रॅफिक चाळू नका. कलम ७९चा उरलासुरला आधारही धोक्यात येतो.

नोटीस आली म्हणून डिस्क फॉरमॅट करू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा. आधी वकील गाठा. त्या तारखेला तो आयपी टॉरचा रिले होता हे टॉर प्रकल्पाच्या 'एक्झोनरेटर'वर दिसतं. त्याची प्रिंट सोबत न्या.

फ्रीनेट (निनावी फायली ठेवण्याचं दुसरं जाळं, २०२३ पासून नाव हायफानेट) टॉरसारखं नाही. दुसऱ्यांच्या फायलींचे एन्क्रिप्ट केलेले तुकडे तुमच्याच डिस्कवर साठतात.

आणि मधल्या रिलेचीही यादी जाहीर असते. त्यामुळे काही साइट तुमचा आयपी अडवतात, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा.