पावसाळ्यात एकट्याने मंगळुरू : या चुका टाळा

मंगळुरूला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. तरीही खाण्यापिण्यासाठी आणि तुळुनाडूची (तुळू बोलणाऱ्या या किनारपट्टीची) संस्कृती पाहण्यासाठी एकट्याने जायला हे महिने फार चांगले आहेत. फसगत होते ती डिसेंबरची यादी जुलैत वापरली की.

मासेमारी बंदीत सुरमईचा हट्ट

कर्नाटकच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या काळात ताटात आलेली सुरमई (इथे अंजल) किंवा पापलेट (मांजी) बर्फातलं तरी असतं किंवा बाहेरून आलेलं. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला संपते, त्यामुळे तिकडचा मासाही येतो. दर मात्र चढे असतात आणि चव उतरलेली. पारंपरिक होड्यांना, म्हणजे नाडदोणींना, परवानगी असते, पण समुद्र शांत असेल तरच त्या निघतात. म्हणून हॉटेलात ‘मासा ताजा आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘आज नाडदोणीचं काय आलंय?’ असं विचारा. बांगडा (बंगुडे), तारली (बूताई) किंवा खाडीतली मुडदुशी (काणे) असेल तर ती घ्या. नसेल तर त्या दिवशी कोंबडी खावी. माशांसाठीच जायचं असेल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरा.

चुकीची ऑर्डर, चुकीची वेळ

एकट्याने खाताना पहिल्याच जेवणात घी रोस्टची (तुपात परतलेल्या मसालेदार कोंबडीची) पूर्ण प्लेट मागवली की दुसरं काही चाखायला पोटात जागा उरत नाही. अर्धी प्लेट मिळते का ते आधी विचारा आणि सोबत नीर डोसे (तांदळाचे पातळ, मऊ डोसे) घ्या. नारळाच्या वाटणाची दाट आमटी हवी असेल तर गस्सी, चिंच आणि ब्याडगी मिरचीचं झणझणीत हवं असेल तर पुळीमुंची, ओलं खोबरं घातलेलं कोरडं हवं असेल तर सुक्का.

कोरी रोटीत (तुळूत कोरी म्हणजे कोंबडी) हमखास एक चूक होते. तांदळाच्या त्या कडक, कागदासारख्या पातळ रोट्यांवर सगळा रस्सा एकदम ओतला की दोन-तीन मिनिटांत त्यांचा लगदा होतो. चार-पाच तुकडे मोडा, त्यावर डावभर रस्सा घाला, काठ भिजून मधला भाग अजून कुरकुरीत आहे तोवर खा, मग पुढचे तुकडे. उरलेली रोटी उघडी ठेवू नका, पावसाळी हवेत ती लगेच सादळते.

केळ्याचे बन्स (गोडसर तळलेल्या पुऱ्या) सकाळी खावेत, गोळी बजे (मैद्याची गोल भजी) संध्याकाळी चारनंतर. लंच होममध्ये फिश थाळीसाठी दुपारी दीडच्या आत पोहोचा. तीननंतर उरलंसुरलं मिळतं. भात मागताना कुच्चलक्की, म्हणजे आपला उकडा तांदूळ, असं स्पष्ट सांगा. बाहेरचा माणूस पाहून पुष्कळदा पांढरा भात वाढतात आणि गस्सीची मजा तिथेच जाते.

आटी महिना चुकवणं

आमच्या मते ही सगळ्यात मोठी चूक. तुळू पंचांगातला आटी महिना साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. पूर्वी शेतीची कामं आटोपलेली, कोठारं रिकामी आणि समुद्र बंद, अशा दिवसांत रानावर आणि परसावर जगायची वेळ यायची. त्यातूनच या महिन्याचं वेगळं जेवण तयार झालं: टाकळ्याची कोवळी पानं, बांबूचे कोंब, फणसाच्या आठळ्या, मिठातले गरे आणि पत्रोडे. पत्रोडे दिसायला आपल्या अळुवडीसारखे, पण आत बेसनाऐवजी भिजवलेले तांदूळ, खोबरं, मिरची आणि चिंच वाटून लावतात. नुसते वाफवलेले खाऊन पाहा, मग परतलेले.

रोजच्या हॉटेलात हे सगळं एका ठिकाणी सापडेलच असं नाही. गावोगावच्या संस्था ‘आटिडोंजी दिन’ नावाचे कार्यक्रम ठेवतात, तिथे हे जेवण असतं आणि पानांची छत्री घेतलेला आटी कळेंज हा लोकनर्तकही बघायला मिळतो. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्या दिवशीच चौकशी करा.

आटी अमावास्येला (बहुतेक वर्षी आपल्या दीप अमावास्येलाच) पहाटे सातविणीच्या सालीचा कडू काढा पितात. तो जाणत्या घरात किंवा देवळात मिळाला तर घोटभर घ्या. साल स्वतः काढायला जाऊ नका. अंधारात काजऱ्यासारख्या विषारी झाडाची साल आली तर जिवावर बेततं.

बंद हंगामातले खेळ शोधणं

पत्तनाजे, म्हणजे मे महिन्याची 24-25 तारीख, उलटली की फिरत्या यक्षगान (इथलं पारंपरिक नृत्यनाट्य) मंडळ्यांचे मेळे थांबतात. भूतकोलाही (गावदैवतांचे नृत्यविधी) तेव्हा थांबून दिवाळीच्या सुमाराला परत सुरू होतात, आणि कंबळा (चिखलातली रेड्यांची शर्यत) हिवाळ्यातला. पावसाळ्यात सभागृहातलं यक्षगान किंवा ताळमद्दळे शोधा. ताळमद्दळेत वेशभूषा नाही, नाच नाही. भागवत (मुख्य गायक) गातात आणि कलाकार बसून पात्रांचे वाद घालतात. सगळं कन्नडमध्ये चालतं, तेव्हा प्रसंग कोणता ते आधी विचारून रामायण-महाभारतातली ती गोष्ट आठवून जा.

उडुपीच्या गोकुळाष्टमीची तारीख आपल्या कॅलेंडरवरून धरू नका. तिथला कृष्णमठ सौर पंचांग मानतो. 2025 मध्ये आपली अष्टमी ऑगस्टच्या मध्यावर झाली आणि उडुपीची 14 सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशीची विट्ला पिंडी (तिथली दहीहंडी) आणि रस्त्यावरचे वाघवेष पाहायचे असतील तर तिकीट काढण्याआधी मठाची तारीख बघा.

कद्रीला मंजुनाथाच्या देवळात 968 सालचा लेख असलेली लोकेश्वराची कांस्यमूर्ती आहे. नाशिकचा कुंभमेळा झाला की त्र्यंबकेश्वरहून नाथजोग्यांची ‘झुंडी’ ही यात्रा पायी चालत इथल्या जोगी मठात येते. मठाकडे चढणाऱ्या पायऱ्या पावसात शेवाळतात, तेव्हा तळ घट्ट पकडणाऱ्या रबरी सँडल घाला, चामड्याच्या नकोत.

प्रवासातल्या अडचणी

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात. जुन्या वेळेवर विसंबू नका. मत्स्यगंधा शहरातल्या मंगळुरू सेंट्रलला जाते, सीएसएमटीहून सुटणारी गाडी मंगळुरू जंक्शनला. दोन्हींत काही किलोमीटरचं अंतर आहे, म्हणून खोली घेताना तिकिटावरचं स्टेशन बघा.

विमानाने गेलात तर बजपेची धावपट्टी टेकडीवर आहे. ढग उतरले की विमान बंगळुरूला वळवलं जाऊ शकतं, आणि दरड कोसळली की तिथून येणारा शिराडी घाटही बंद होतो. परतीच्या विमानाला जोडून त्याच दिवशीचं दुसरं तिकीट काढू नका.

जून ते सप्टेंबर पणंबूर, तण्णीरबावी किंवा सोमेश्वर या किनाऱ्यांवर पाण्यात पाय टाकू नका. सोमेश्वरला खडकांवर उभं राहून फोटो काढणंही धोक्याचं, लाट मागून येते.

एसी खोलीतून बाहेर पडताच कॅमेऱ्याच्या लेन्सवर बाष्प धरतं. खोलीतच तो झिपच्या पिशवीत बंद करा, बाहेर आल्यावर अर्ध्या तासाने काढा. पुसत बसलात तर चरे पडतात आणि बाष्प परत धरतं.

घरी कोरी रोटी न्यायची असेल तर शेवटच्या दिवशी बंद पाकीट घ्या, फोडू नका, स्टीलच्या सपाट डब्यात आडवं ठेवा आणि वर कपडे रचा. तरी काठ थोडे मोडतीलच. घरी रोटी नरम वाटली तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट शेका.