उत्तराची पहिली ओळ

टीएल-वन, म्हणजे फायबरच्या लाइनीवरच्या उपकरणांना कमांड द्यायची भाषा, शिकायला माझ्या शेजारी कोणी बसलं की मी आधी एकच विचारते, "आत्ता तू कुठल्या नोडवर आहेस?" नव्वद टक्के पोरं टाइप केलेली कमांड वाचून दाखवतात. कमांड नाही विचारली रे बाबा, नोड विचारला, म्हणजे लाइनीवरचं कुठलं उपकरण ते.

हा प्रश्न मला कोणी वेळेवर विचारला असता तर जूनमधली एक रात्र बरी गेली असती. ती गोष्ट पुढे येईलच.

मी ग्वाल्हेरची. तिथल्या लष्कर भागात, जनकगंजात वाढले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि कॉलेजात इंग्रजी पुस्तकं समोर ठेवून हिंदीत शिकवणारे सर. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हातात होती, पण ऑप्टिकल ट्रान्समिशनची शेल्फ, म्हणजे कार्डं बसवायची उपकरणाची चौकट, पहिल्यांदा पाहिली ती एका ठेकेदाराकडे नोकरीला लागल्यावर. पहिल्या दिवशी मला लॅपटॉप, उपकरणाला थेट जोडायची निळी कन्सोल केबल आणि एका कागदावर आयपी अ‍ॅड्रेस दिला, आणि सांगितलं, "बसा. काही हात लावू नका." काही हात न लावता शिकायचं कसं, हे कोणी सांगितलं नाही.

फायबर म्हणजे काय, एसडीएच आणि डीडब्ल्यूडीएम या फायबरवरून ट्रॅफिक नेण्याच्या दोन पद्धतींमध्ये फरक काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. कन्सोलचंही थोडक्यात: बहुतेक ठिकाणी वेग ९६०० बॉड, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. स्क्रीनवर कचरा उमटला तर आधी वेग तपासा, केबलला शिव्या नंतर. युएसबी-सिरियलचं स्वस्त अडॅप्टर घेऊ नका. मी दोन घेतली, दोन्ही साइटवर जाऊनच मेली.

टीएल-वनच्या कमांडला घाबरण्यासारखं काही नाही. अमेरिकेत बेलकोर या टेलिफोन-संशोधन कंपनीने १९८४ साली ही भाषा आणली, आणि ती माणसाला वाचता येईल अशीच केलेली आहे. आधी क्रियापद, त्याला जोडून ते कशावर चालवायचं, मग कोलनने तोडलेले रकाने, शेवटी सेमीकोलन. अलार्म बघायचे तर:

आरटीआरव्ही-एएलएम-ऑल:दतिया::१०१;

(इथे देवनागरीत लिहिलंय, टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांतच करायचं.) पहिला रकाना कमांडचा. दुसरा टीआयडी, म्हणजे ही कमांड कुठल्या नोडसाठी आहे ते. तिसरा एआयडी, त्या नोडमधलं कार्ड किंवा पोर्ट. चौथा सीटॅग, तुमच्या कमांडचा टोकन नंबर, जो उत्तरात परत येतो. सेमीकोलन विसरलात तर काहीच होत नाही, उपकरण वाट बघत बसतं. नवीन माणूस एंटर, एंटर, एंटर दाबतो आणि "हँग झालं" म्हणून सीनियरला हाक मारतो. मीही मारली होती. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

क्रियापदंही मोजकी आहेत. आरटीआरव्ही म्हणजे बघा. ईडी म्हणजे बदला, ईएनटी म्हणजे नवीन टाका, डीएलटी म्हणजे पुसा. आरएमव्ही म्हणजे सेवेतून काढा, आरएसटी म्हणजे परत सेवेत आणा. पहिले दोन महिने फक्त आरटीआरव्ही. त्याने काही मोडत नाही, आणि शिकण्यासारखं निम्म्याहून जास्त तिथेच असतं.

आता तो दुसरा रकाना. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

एका लाइनीवर पाच-सहा नोड असले तरी ऑफिसच्या लॅनला सहसा एकच जोडलेला असतो. त्याला गेटवे म्हणतात. बाकीच्यांपर्यंत तुमची कमांड त्याच फायबरमधून जाते, ज्यातून गिऱ्हाइकांचा ट्रॅफिक जातो. एसडीएचच्या ओव्हरहेडमध्ये (ट्रॅफिकसोबत जाणाऱ्या देखरेखीच्या माहितीत) डी-१ ते डी-३ असे तीन बाइट त्यासाठी राखलेले आहेत, मिळून १९२ किलोबिट प्रतिसेकंद. म्हणजे तुम्ही ग्वाल्हेरात बसून दतियाच्या नोडशी बोलता तेव्हा तुमचं बोलणं ट्रॅफिकच्याच गाडीत एका कोपऱ्यात बसून जातं. गाडी थांबली की बोलणंही थांबलं.

आणि टीआयडीचा रकाना रिकामा सोडला तर? चूक दाखवली जात नाही. रिकाम्या रकान्याचा अर्थ इतकाच, की ज्या नोडला तुम्ही थेट जोडलेले आहात, त्याच्याचसाठी ही कमांड. म्हणजे गेटवेसाठी.

हे वाक्य मॅन्युअलमध्ये असतं. मी वाचलंही होतं. वाचणं आणि अंगावर येणं यात अंतर आहे, ते असं.

आमची एक लाइन ग्वाल्हेर, डबरा, दतिया अशी जायची. रिंग नव्हती, नुसती दोरी: सुरुवातीला ग्वाल्हेर, तोच गेटवे, शेवटी दतिया. पुढे झाशीकडची लाइन सुरू व्हायची होती आणि त्यासाठी दतियाला पाच नंबरच्या स्लॉटमध्ये बसवलेलं कार्ड बदलायचं होतं. त्यावर ट्रॅफिक शून्य. काम इतकं साधं की ते माझ्याकडे आलं. रात्री दीडला मी गेटवेवर आणि त्यातून दतियावर लॉगिन केलं. खिडकी एकच, वर आयपी गेटवेचा. मग एका सीनियरने दिलेली "रेडीमेड कमांड"ची फाइल उघडली, त्यातली आरएमव्हीची ओळ उचलली, एआयडीमध्ये स्लॉट पाच, पोर्ट एक टाकलं आणि एंटर.

ती ओळ ज्याने लिहिली तो त्या वेळी थेट त्याच नोडवर बसलेला असणार. त्यामुळे त्याचा टीआयडी रिकामा. त्याच्यासाठी बरोबर, माझ्यासाठी नाही. शिवाय ओळीच्या शेवटी त्याने सक्तीचा पर्याय ठेवलेला, म्हणजे पोर्टवर ट्रॅफिक असला तरी अडवू नकोस. माझ्या कामाला त्याची गरजच नव्हती. फाइलमध्ये होता म्हणून आला.

गेटवेच्या शेल्फमध्येही पाचव्या स्लॉटला तसंच कार्ड होतं. त्याचं पोर्ट एक डबऱ्याकडे जायचं.

उत्तर आलं, कम्प्लीटेड. मला हायसं वाटलं. पुढच्याच मिनिटाला दतिया उत्तर देईना. मी आरटीआरव्ही करतेय, काही नाही. डबरा, तोही नाही. आणि गेटवेची स्क्रीन शांत, एक अलार्म नाही. का ते नंतर कळलं: सेवेतून काढलेल्या पोर्टचा अलार्म उपकरण वाजवत नाही, कारण तुम्हीच काढलंय. डबरा तिकडे "सिग्नल गेला" म्हणून ओरडत असणार, पण त्याचा आवाज ज्या वाटेने यायचा ती वाट मीच बंद केलेली. ज्या फांदीवर बसले तीच तोडली, आणि वर बघत बसले की झाड कुठे गेलं.

मी काय केलं? दतियाच्या माणसाला उठवलं. दतियाचं कार्ड काढताना काहीतरी बिघडलं, हीच माझी खात्री. तो बिचारा मोटरसायकलवर शेल्टरला, म्हणजे उपकरणं ठेवलेल्या खोलीत, गेला, कुलूप उघडलं, आणि फोनवर म्हणाला, "मॅडम, पाँच नंबर पे तो सब ठीक है. सातवें पे लाल जल रही है, डबरा वाली." पाचवं कार्ड मी काढलंय असं मी समजत होते आणि ते मजेत सेवेत होतं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी त्याला सातव्या स्लॉटचं कार्ड काढून परत बसवायला सांगणार होते. देवाची कृपा, त्याआधी आबांना फोन लावला.

आबा म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने. सरकारी टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन सल्लागार म्हणून आलेले. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "कमांडचं उत्तर वर सरकवून बघ. पहिली ओळ वाच."

टीएल-वनच्या प्रत्येक उत्तराची पहिली ओळ म्हणजे उत्तर देणाऱ्या नोडचं नाव, तारीख आणि वेळ. त्याखाली तुमचा सीटॅग आणि कम्प्लीटेड किंवा डिनाय. माझ्या डोळ्यांना कम्प्लीटेड तेवढं दिसलं होतं. वरती स्पष्ट लिहिलेलं, ग्वाल्हेर.

आरएसटी मारायला दहा सेकंद लागले. लाइन ४७ मिनिटं बंद होती, आणि त्यातली शेचाळीस मी चुकीच्या गावात शोधण्यात घालवली.

म्हणून सांगते. प्रत्येक कमांडमध्ये टीआयडी भरा. गेटवेवरच काम असेल तरी त्याचं नाव लिहा. रिकामा रकाना ही सोय असेल, पण ती घाईतल्या माणसासाठी नाही. आरएमव्ही, डीएलटी किंवा ईडीच्या आधी त्याच टीआयडी-एआयडीवर एक आरटीआरव्ही मारा आणि समोर आलेलं पोर्ट तुमच्या कागदावरचंच आहे का, ते बघा. माझ्या त्या रात्री ते पोर्ट ट्रॅफिक दाखवत आलं असतं. आणि सीटॅगमध्ये १, २, ३ टाकण्याऐवजी नोडची आद्याक्षरं टाका. सहा अक्षरं चालतात, तेवढी पुरतात. उत्तरात आद्याक्षरं दतियाची आणि वर नाव ग्वाल्हेरचं दिसलं की चूक तिथल्या तिथे डोळ्यात खुपते.

रेडीमेड फाइल कोणी देऊ केली तर घ्या, वाचा, पण तिच्यातून उचलून चिकटवू नका. हाताने टाइप करा. वेळ लागतो, लागू दे. मी आजही हळू टाइप करते आणि मला आजवर त्याबद्दल कोणी बोललेलं नाही. भराभर टाइप करणाऱ्यांबद्दल मात्र बरंच बोललं गेलंय.

गुरूबद्दलही एक मत आहे, पटलं तर घ्या. जो सीनियर तुमच्या हातातून कीबोर्ड ओढून "अरे असं नाही, हे बघ" करतो, तो कितीही हुशार असो, त्याच्याकडून तुम्ही त्याचा वेगच फक्त बघाल. आबा माझ्या मागे उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी चुकीचं लिहीत असले तरी एंटरपर्यंत गप्प. मग, "थांब. मोठ्याने वाच." राग यायचा. पण वाचताना चूक मलाच सापडायची.

डिनाय आलं तर खुशाल हसा. त्याच्याबरोबर चार अक्षरांचा कोड येतो आणि तो बरंच सांगतो. आयआयटीए म्हणजे टीआयडी चुकला. आयआयएसी म्हणजे एआयडी चुकला. पीआययूआय म्हणजे तुमच्या लॉगिनचीच अडचण. वहीत उतरवून ठेवा, महिन्याभरात पाठ होतात. उपकरणाने तुम्हाला अडवलं, याचा अर्थ कुठेच काही मोडलेलं नाही.

फायबरमधल्या प्रकाशाची पॉवर वाचताना एक गोष्ट. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट, तीन डीबी खाली गेलं की निम्मं. उणे अठ्ठावीस हे उणे अठरापेक्षा दहा पट कमी आहे. आकडा मोठा बघून खूश झालेले इंजिनिअर मी पाहिलेत. रीडिंग पडलेलं असेल तर कमांड शोधण्याआधी कनेक्टर पुसा. आमच्याकडे मे-जूनची धूळ शेल्टरच्या बंद दारातूनही आत येते. आणि फायबरच्या टोकात डोकावू नका, १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांत जातो.

"टीएल-वन आता संपलं, नेटकॉन्फ शिका" असं सांगणारे भेटतील. ही उपकरणं चालवायची नवी पद्धत, नेटकॉन्फ, शिकाच. पण सिएना कंपनीच्या ६५०० सारख्या शेल्फ आजही टीएल-वन बोलतात आणि रात्री दोनला अलार्म त्यांच्याकडूनच येतो. घरोघरी फायबर नेणाऱ्या ओएलटीवर गेलात तर तिथली कमांड-लाइन वेगळी. हुवावेकडे "डिस्प्ले" आणि "अनडू", इतर बऱ्याच ठिकाणी "शो" आणि "नो". आठवड्यात हात बसतो. तिथे बदल केल्यावर सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर लाइट जाऊन आली की सगळं पूर्वीसारखं, आणि आमच्याकडे लाइट जाते.

त्या रात्रीनंतर माझे अधिकार तीन महिने काढून घेतले होते. फक्त आरटीआरव्ही. मला तो अपमान वाटला, घरी आईजवळ रडलेही. पण त्या तीन महिन्यांत मी लाइनीवरचं प्रत्येक कार्ड, प्रत्येक पोर्ट नुसतं वाचून काढलं, आणि कुठल्या स्लॉटमधून कोण कुठे जातं याची वही केली. नंतर आलेली मुलं ती वही मागून नेतात. परत आणून देतात की नाही, हा वेगळा विषय.

दतियाचा तो माणूस अजून तिथेच आहे. काम निघालं की मी आधी त्याला फोन करते आणि तो दर वेळी विचारतो, "मॅडम, आज असली वाला दतिया है ना?"